चार बोटं कमी

आम्रपालीच्या वहीचं कुठलंही पान उघडा, त्यावर तिची सही तीन ठिकाणी सापडेल. एक वर उजवीकडे, एक खाली डावीकडे आणि तिसरी चित्राच्या पोटातच कुठंतरी, मुंगीएवढी. पान कापून कुणी नेलंच तर निदान ती तरी बरोबर जावी, एवढाच हेतू. वर्गातली मुलं यावरून तिची थट्टा करायची. ती रागावायची नाही, पण थट्टा करणाऱ्याकडे अशी बघायची की त्याला उगीच आपली पिशवी उघडून दाखवावीशी वाटे.

या सवयीला कारण होतं. आठवीत असताना तिनं सायकलच्या जुन्या सामानातून ज्वारी पाखडायचं एक यंत्र केलं होतं. तालुक्याच्या प्रदर्शनात ते सकाळी मांडलं तेव्हा पुढच्या पाटीवर तिचं नाव होतं. दुपारी पाहुणे आले तेव्हा त्याच पाटीवर संस्थेतल्या कुणा बड्या माणसाच्या पुतण्याचं नाव होतं. सर म्हणाले, "नाव कुणाचं का असेना, यंत्र शाळेचंच आहे." ती रडली नाही. घरी येऊन वडिलांना सांगितलं. वडील, धोंडिराम, एसटीच्या आगारात सुतारकाम करायचे, आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक बाकाच्या खाली पेन्सिलीनं आपली दोन अक्षरं टाकायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "म्होरच्या टायमाला आतनं नाव कोरून ठेव."

तेव्हापासून ती कोरूनच ठेवत आली.

बारावीनंतर साताऱ्याबाहेर, महामार्गालगतच्या एका विद्यापीठात तिला प्रॉडक्ट डिझाइनला प्रवेश मिळाला, तेव्हा तासगावजवळच्या त्यांच्या वस्तीत कुणालाच ते नीट कळलं नाही. शेजारची अंजना म्हणाली, "डिझाईन म्हंजे मेंदीचं का ब्लाउजचं?" आई, मुक्ताबाई, ठसक्यात म्हणाली, "न्हाई गं, खुर्ची कशी असावी ते शिकवत्यात." त्यावर अंजनानं बराच विचार केला आणि विचारलं, "चार वर्सं? खुर्चीला?"

पहिलं वर्ष हाताचं गेलं. पट्टी न लावता सरळ रेघ, एका दमात शंभर वर्तुळं, मातीचा पेला, लाकडाचा चमचा. बोटांना फोड आले, ते फुटले, तिथं घट्टे पडले. ते तिला आवडलं, कारण घट्टे कुणी चोरून नेत नाही. खरी अडचण शनिवारची होती. दर शनिवारी प्रत्येकानं आपलं अर्धवट काम भिंतीला टाचायचं आणि बाकीच्यांनी त्यावर पेन्सिलीनं काय वाटेल ते लिहायचं, अशी तिथली रीत. आम्रपाली सगळ्यात शेवटी टाचायची आणि सगळ्यात आधी काढायची. वाईच्या भार्गवी मॅडम त्यांना शिकवायच्या, त्यांच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. त्या म्हणाल्या, "आम्रपाली, पूर्ण झालेली वस्तू कुणीही दाखवतं. तू अर्धी दाखवायला शीक." हिनं मान हलवली. अर्धी दाखवली की उरलेली अर्धी दुसराच करतो, हे मॅडमना कोण समजावणार?

पण ती शिकत नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. साताऱ्याहून सांगलीला येताना ती एसटीच्या खिडकीची कडी न्याहाळायची, कऱ्हाडला चढणाऱ्या बाया डोक्यावरचं गाठोडं खाली घेताना आधी कुठला पाय टेकवतात ते टिपून ठेवायची. तिसऱ्या वर्षापर्यंत तिचा डोळा असा तयार झाला की घरी आल्यावर ती आधी चुलीजवळचा चिमटा उलटसुलट करून बघे आणि मग आईकडे बघे.

धवल तिच्याच वर्गातला, सांगलीचा. त्याच्या घरचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा. एका शनिवारी त्यानं तिच्या जेवणाच्या डब्याच्या चित्रावर लिहिलं, 'कडी आतून का नाही?' ती दोन दिवस धुमसली आणि तिसऱ्या दिवशी कडी आतून घेतली. पुढच्या सत्रात धवलनं एक पेटी केली, तिलाही कडी आतूनच. झालं, आम्रपालीच्या लेखी धवल चोर ठरला. मुळात कल्पना त्याचीच होती हे तिला आठवत नव्हतं असं नाही, पण संशय एकदा घरात शिरला की असल्या बारीकसारीक गोष्टी त्याला आडव्या येत नाहीत.

शेवटच्या सत्राच्या प्रकल्पावर पदवी होती. तो बाहेरच्या परीक्षकाला पटला नाही तर वर्ष पुन्हा करायचं. आम्रपालीनं विषय निवडताना एक क्षणही घालवला नाही. मुक्ताबाई वीस वर्षं बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणीला जात होती. पत्र्याखाली जमिनीवर रांगेनं बसायचं, समोरच्या ढिगातून काड्या आणि काळे दाणे वेचून काढायचे, दिवस बुडेतो. आता ती उठताना भिंतीला हात लावून उठायची. आपण केलेल्या बैठकीवरून आई भिंतीला हात न लावता उठली पाहिजे, एवढंच आम्रपालीला हवं होतं. पदवीही हवी होती, पण पहिलं हे.

मापं घ्यायची म्हणून सांगितलं तर शेडमधल्या सगळ्या बाया ठेवणीतली लुगडी आणि साड्या नेसून आल्या. निवडणीच्या बायांवर धोंडुबाईची हुकमत. तिनं मालकाच्या खोलीतून प्लास्टिकची खुर्ची आणवली. एकेक बाई येऊन तिच्यावर ताठ बसली, हात मांडीवर, नजर समोर, जणू रेशनकार्डाचा फोटो निघतोय. आम्रपालीनं टेप लावून सगळ्यांची मापं उतरवून घेतली. पुस्तकातल्या तक्त्यांशी ती छान जुळली. आनंद झाला पोरीला.

मार्चमध्ये तीन बैठका तयार झाल्या. जमिनीपासून वीतभर उंच लाकडी आसन, त्याला स्क्रूनं बसवलेले चार पाय, पुढं उतरता ट्रे, ट्रेवर पांढरा चकचकीत पत्रा, म्हणजे काळा दाणा चटकन दिसावा. प्रत्येक पायाच्या तळाला तिनं सही कोरली. आठवडाभर वापरा म्हणून बायांना देऊन ती साताऱ्याला गेली. आठवड्यानं येऊन सगळ्यांकडून कागद भरून घेतला. कागदावर पाच चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आवडीप्रमाणे खूण करायची. अकराच्या अकरा बायांनी सर्वात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. धोंडुबाईनंसुद्धा. या धोंडुबाईनं आयुष्यात कधी कुणाच्या आमटीलाही चांगलं म्हटलेलं नव्हतं.

"मावशी, खरंच आवडली?"

"लय चांगली हाय बाय. दुखणंच पळालं बग."

आम्रपालीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं बैठक उचलून बघितली. काहीतरी खटकत होतं. टेप लावली तर आसन चार बोटं बुटकं झालेलं. पाय कापले होते, तेही अगदी साफ, एक कुसळ वर नाही. सह्या मात्र जागच्या जागी होत्या.

"हे कुणी केलं?"

"काय म्हाईत. उंदीर असल."

"उंदीर करवत घेऊन आला व्हता का?"

"आमी कामात असतू गं," असं म्हणून धोंडुबाईनं ढिगात मान घातली, आणि तिच्याबरोबर सगळ्या रांगेनंच मान घातली.

आम्रपालीनं नवे पाय बसवले. पुढच्या खेपेला पाय पुन्हा बुटके आणि ट्रेच्या डाव्या काठाला अर्ध्या भाकरीएवढी खाच कापलेली सापडली. त्याच्या पुढच्या खेपेला पांढऱ्या पत्र्यावर निळं कापड चिकटवलेलं. दर वेळी तिनं ते पूर्ववत केलं आणि दर वेळी बाया म्हणाल्या की बैठक लय झ्याक आहे. आता मात्र तिची खात्री पटली की कुणीतरी आपलं वर्ष बुडवायच्या मागे लागलंय. मालक? त्याला बायांनी काय वापरलं याचं सोयरसुतक नव्हतं. धोंडुबाई? तिला चिडायला बैठक कशाला लागते. उरला कोण?

तो तिला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेडच्या दारातच भेटला. धवलनं प्रकल्पाला बेदाण्याचं खोकं घेतलं होतं, त्यामुळं सांगली-तासगाव भागातल्या शेडमध्ये तो फिरायचाच. पण हिला बघताच तो दचकला, आणि मूठभर बेदाणे हातात होते ते घाईनं खिशात कोंबले.

"इथं काय करतोस?"

"खोक्यांची मापं."

"माझ्या बैठकीला हात लावलास?"

धवलनं एकदा मागं शेडकडे पाहिलं. "मी नाही लावला."

"मग कुणी लावला?"

"ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

यापेक्षा आणखी पुरावा तो काय हवा! तिनं तिथंच पायरीवर बसून विभागाला तक्रार लिहिली, फोटो जोडले आणि पाठवून दिली. भार्गवी मॅडमचा फोन आला. "तुला खात्री आहे? यात त्याचं वर्ष जाऊ शकतं." आम्रपाली म्हणाली, "खात्री आहे." चौकशी होईपर्यंत धवलचं सादरीकरण थांबवण्यात आलं.

घरी तिनं आईला सांगितलं की चोर सापडला. मुक्ताबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"त्या पोरानं काय केलं न्हाई, आमू."

"तुला काय माहीत?"

"तोंडावरनं कळतंय की."

"आई, तू त्याला कवा बघितलंस?"

मुक्ताबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि तिची कड दाबत बसली. त्या भाकरीची कड इतकी दाबायची काहीच गरज नव्हती. आम्रपालीला आता आईचाही संशय यायला लागला, आणि आपल्याला आईचा संशय येतोय याचा तिला स्वतःचाच राग आला. पण राग आला म्हणून संशय थोडाच जातो.

दुसऱ्या दिवशी तिनं बैठका पुन्हा मूळ उंचीच्या करून शेडमध्ये ठेवल्या आणि प्लायवूड आणायला सांगलीला जाते म्हणून सांगितलं. जाण्याआधी कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यात फोन चालू करून ठेवला. खोकं उचलायला बाजूला जे भोक असतं त्यातून सगळी शेड दिसत होती. ती सांगलीला गेली नाही. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर तीन तास बसून राहिली, मग फोन घेऊन आली आणि त्याच टपरीवर परत बसून तिनं चित्रण लावलं.

बाया जेवल्या. हात धुतले. धोंडुबाईनं उठून दार लोटलं. आणि मुक्ताबाईनं जेवणाच्या पिशवीतून, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेली करवत बाहेर काढली. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ती करवत आम्रपाली लहानपणापासून ओळखत होती. वडिलांची होती ती.

धोंडुबाई बैठकीवर बसली आणि तिनं डावा गुडघा उभा केला, कोपर त्यावर टेकवलं. तो गुडघा ट्रेला आपटला. "ह्ये बग, निवडायला कोपर टेकाया नगं का? एवढ्या उंचावर हात लोंबकळतुया निसता. चार बोटं काढ. आन् ह्यो पांढरा पत्रा डोळ्यावर चमकतुया, निळं कापड लाव."

एक तरणी बाई पाय कापायला वाकली तर मुक्ताबाईनं तिचा हात धरला. "खालनं नगं. खाली तिची सई हाय. स्क्रू काढ आन् वरनं काप."

आम्रपालीनं चित्रण थांबवलं. मग पुन्हा लावलं.

"आगं, पर तिला सांगत का न्हाईस सरळ?" धोंडुबाई विचारत होती. "कागदावर तरी खरं ल्ह्यायचं हुतं."

"आन् तिचं मार्क घालवायचं? कागद मास्तरनी बघनार. हिचं चुकलं म्हनून लाल रेघ मारनार. आन् आपन दुरुस्त केलं म्हनून कळलं तर ती कापी हुती. कापीला नापासच करत्यात. दहावीला न्हाई का, त्या सयाजीच्या पोराला भाईरनं चिठ्ठी दिली म्हनून उठवला हुता?"

सगळ्या बायांना ते पटलं. परीक्षा पोरीची, उत्तर पोरीचं. बाहेरून मदत करायची तर चोरूनच करावी लागते, हे त्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही.

"आन् त्या धवलचं काय गं? त्यो गुतलाय की फुकटचा," धोंडुबाई म्हणाली.

मुक्ताबाईनं सुटलेले स्क्रू पदरात गोळा केले. करवतीचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाली, "त्यानं बगितलं तवा मी त्याला आमूची आन घातली, मूठभर बेदाणं हातावर ठिवलं. लय गुनाचं पोरगं. तिचा पेपर झाला की मी सवता जाऊन सांगते त्याच्या मास्तरनीला." हे तिचं चुकत होतं, आणि ते तिला कळत होतं, आवाजावरूनच समजत होतं.

टपरीवर चहा गार झाला. आम्रपालीला आधी हसू आलं, मग इतकी लाज वाटली की तिनं फोन पालथा ठेवला. आई जन्मभर गुडघा उभा करून बसत आली होती. ते तिनं हजार वेळा पाहिलं होतं आणि वहीत 'वाईट बैठक' म्हणून लिहून ठेवलं होतं. मापं मात्र घेतली ती प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाहुण्यासारखी बसवून. कऱ्हाडच्या अनोळखी बायांचे पाय टिपणाऱ्या पोरीला आपल्या आईचा गुडघा दिसला नव्हता. आणि कुठला चोर बनवणाऱ्याची सही जपून पाय वरून कापतो, हा साधा प्रश्नही तिला पडला नव्हता.

तिनं आधी धवलला फोन केला. बोलताना अडखळली, पण सगळं बोलली. पलीकडे तो खोक्याला चिकटपट्टी लावत होता, तिचा आवाज येत होता. शेवटी म्हणाला, "तू दारात विचारलंस तेव्हा अगदी तोंडाशी आलं होतं. पण आण तुझीच होती ना."  तक्रार मागे घेतल्याचं पत्र तिनं त्याच टपरीवर बसून लिहिलं.

सादरीकरणाच्या दिवशी धवल तिच्या आधी बोलला. तिची पाळी आली तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत होते. तिनं चित्रं दाखवली नाहीत. आधी प्लास्टिकच्या खुर्चीवरचे फोटो दाखवले, मग शेडमधलं चित्रण लावलं, आईनं सही जपायला सांगितलं तिथपर्यंत. परीक्षकांनी विचारलं, "मग यात तुमचं काय?"

"चुका माझ्या आहेत," ती म्हणाली. "दुरुस्त्या त्यांच्या. मी विचारलं तेव्हा त्या खोटं बोलल्या, कारण मी परीक्षकासारखं विचारलं होतं. आणि त्यांना न सांगता फोन लपवला, तीही चूक माझीच."

भार्गवी मॅडमनी मान खाली घातली होती. त्या हसत होत्या की काय, हा संशय तिला आलाच. परीक्षकांनी निकाल राखून ठेवला. दहा दिवस दिले. बैठक नव्यानं करायची, त्या बायांच्या समोर, आणि ज्यांचे हात लागतील त्यांची नावं सांगायची. नाही जमलं तर वर्ष पुन्हा.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गेली आणि तिनं सगळ्यांपुढं सांगून टाकलं, फोनचंही. मुक्ताबाई पांढरी पडली. "म्हंजे त्यास्नी कळलं? नापास केलं तुला?"

"न्हाई आई. ह्यो पेपरच तसा असतो. दुसऱ्याला इचारूनच लिवायचा."

धोंडुबाईनं डोळे बारीक केले. "इचारून लिवायचा पेपर? असला कुटं पेपर असतुया?" तिचा विश्वास बसला नाही. पण बसायच्या जागी तिनं फतकल मारली, गुडघा उभा केला आणि म्हणाली, "बरं मग. घे माप. अशी घे."

आम्रपालीनं जमिनीवर बसून माप घेतलं. मग नवी बैठक पुढं ओढली, अर्धवटच होती, नुसतं आसन आणि पाय. मुक्ताबाईनं पिशवीतून करवत काढली, फडकं सोडलं, आणि सवयीनं दाराकडे बघत म्हणाली, "तू जरा भाईर थांब, आमू."

आम्रपाली बाहेर गेली नाही. तिनं बैठक उपडी केली आणि पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मुक्ताबाई करवत टेकवता टेकवता थांबली. "आधी सई कुटं हाय ती बग."

"न्हाई केली अजून."

मुक्ताबाईनं पाय उलटून तळ पाहिला. वरून पाहिला. बोट फिरवून पाहिला, लेकीनं कुठंतरी मुंगीएवढी लपवली असेल म्हणून. कुठंच नव्हती. मग तिनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"मग खालनं कापलं तरी चालतंय," ती म्हणाली, आणि करवत लावली.